दरजा

शाळेच्या दर्शनी भिंतीतून निघालेला सिमेंटचा पहिला तुकडा मिस्त्रीने माझ्या तळहातावर ठेवला. बोटाएवढा लांब, करडा, कडक. उलटा करून पाहिला तर मागे विटेचा लाल पापुद्रा चिकटलेला.

"पाहा भाऊ, हा एकटा नाही निघत जी. विटेले संगं घेऊन येते."

मी तुकडा खिशात टाकला. बोलायला तोंड नव्हतं. तो सिमेंट आम्हीच भरला होता.

आम्ही म्हणजे दहावीची ८१ सालची बॅच. १९९८ च्या हिवाळ्यात आमचं पहिलं मोठं संमेलन झालं. कोणी पुण्याहून आलं, कोणी भिलाईहून, एक जण तर मस्कतहून. सगळ्यांचे खिसे तेव्हा नुकतेच जरा भरायला लागले होते आणि शाळेसाठी काहीतरी करायची हौस होती. शाळेच्या विटांमधल्या फटी झिजलेल्या. त्यांत चिमण्या काड्या कोंबत, आम्ही लहानपणी पेन्सिलींची टोकं कोंबायचो, आणि चाचणीच्या दिवशी चिठ्ठ्यासुद्धा. आता तिशी ओलांडल्यावर मात्र त्याच फटी पाहून सगळ्यांचं एकमत झालं की शाळा पडकी दिसते. ठेकेदार आला. सिमेंटने पॉइंटिंग करून टाकू, म्हणाला, पन्नास वर्षं पाहायला नको. वरून लाल ऑइल पेंट, आणि सांध्यांवर पट्टी धरून पांढऱ्या रेघा.

मी बँकेत, म्हणून हिशेब माझ्याकडे. ती वही अजून कपाटात आहे. सिमेंटची पोती, रंगाचे डबे, मजुरी, आणि शेवटच्या दिवशीचा तर्री-पोहा. स्मरणिकेत आम्ही छापलं होतं, 'काम उच्च दर्जाचे झाले आहे.' गवंडी दोन विटांमधल्या सांध्याला दरज म्हणतात, अनेकवचन दरजा, आणि आम्ही जे केलं त्याला 'दरजा भरणे' म्हणतात, हे तेव्हा ठाऊक असतं तर निदान या वाक्याची गंमत तरी कळली असती.

दहा-बारा वर्षांत विटांची तोंडं सुटायला लागली. आधी रंगाला फोड आले, मग फोडांखालून लाल भुकटी. सकाळी शिपाई व्हरांडा झाडायचा, दुपारपर्यंत जोत्यावर पुन्हा लाल पट्टा. आम्ही विटांना दोष दिला, मग धुराला दिला, एकदा तर कुंड्यांना पाणी घालताना भिंत भिजवतो म्हणून शिपायालाच दिला. शेवटी शेवटी दक्षिणेकडच्या भिंतीवर विटा बोटभर आत गेल्या होत्या आणि आम्ही भरलेला सिमेंट तेवढा जाळीसारखा बाहेर उभा होता. भिंत खपली, सांधे शाबूत. ठेकेदाराने पन्नास वर्षांचा शब्द पाळला होता, फक्त तो कोणासाठी दिला हे आम्ही विचारलं नव्हतं.

मग संस्थेने जुन्या इमारतींचं काम करणाऱ्या एका मॅडमना बोलावलं. वय आमच्या मुलींएवढं. त्यांनी तीन आठवडे काहीच केलं नाही, म्हणजे आम्हाला तसं वाटलं. फोटो काढले, भिंतीवर खडूने आकडे टाकले, विटेला काचेची एक वाकडी नळी चिकटवून तिच्यात पाणी भरून घड्याळ लावून बसल्या. किती पाणी किती वेळात वीट पिते, ते पाहायचं असतं. रंग लावलेल्या विटेवर नळीतलं पाणी ढिम्म हललं नाही. उघड्या विटेने ते हळूहळू ओढून घेतलं. आमच्यातला एक म्हणाला, "बघा, रंगाने केवढं संरक्षण दिलंय." मॅडम म्हणाल्या, "काका, बाहेरून पाणी आत जात नाही हे खरं. पण आत गेलेलं बाहेर कुठून येणार?"

त्या दिवसापासून आम्ही जरा गप्प झालो.

विटा जोडणाऱ्या जुन्या मसाल्याची तपासणी मात्र मी विसरणार नाही. मागच्या बाजूला, जिथे आमचे पैसे पोचले नव्हते, तिथल्या एका सांध्यातून त्यांनी मूठभर जुना मसाला काढला आणि शाळेच्याच प्रयोगशाळेत नेला. ज्या टेबलावर आम्हाला संगमरवराचे तुकडे आणि विरल हायड्रोक्लोरिक आम्ल देऊन कार्बन डायऑक्साइड करायला लावायचे, त्याच टेबलावर. तोच फसफस आवाज. चुना विरघळला, बुडबुडे थांबले, आणि चंचुपात्राच्या तळाशी उरली ती वाळू आणि तांबडी पूड. वाळू गोल कणांची, नदीची. पूड म्हणजे सुरखी, कुटलेली वीट. आमच्या विज्ञानाच्या सरांनी हे समीकरण फळ्यावर निदान शंभर वेळा लिहिलं असेल, आणि तो पदार्थ आमच्या पाठीमागच्या भिंतीत भरलेला आहे हे एकदाही सांगितलं नाही. कदाचित त्यांनाही ठाऊक नसेल.

झालं काय होतं, ते मॅडमनी कागदावर रेघा ओढून समजावलं. भिंतीत पाणी येतंच. पावसाने येतं, जमिनीतून वर चढतं, फुटक्या पन्हळीतून झिरपतं. नागपुरात वर्षाला हजार-अकराशे मिलिमीटर पाऊस पडतो, बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर. नंतर तेच पाणी वाळायला निघतं आणि निघताना सगळ्यात सोपी वाट धरतं. चुन्याचा सांधा विटेपेक्षा मऊ आणि सच्छिद्र, म्हणून पाणी त्यातून बाहेर पडायचं. पाण्याबरोबर क्षार यायचे, ते सांध्यातच साठायचे, सांधा भुसभुशीत होऊन गळायचा. आपण ज्याला भिंतीला लोणा लागला म्हणतो तो हाच. दोन-तीन पिढ्यांतून एकदा कोणीतरी यायचं, गळलेला चुना खरवडून नवा भरायचं. वीट तशीच राहायची. म्हणजे झिजणं हे त्या चुन्याचं कामच होतं. आम्ही ज्याला पडकं म्हणालो, ते काम चाललेलं होतं.

सिमेंटने ती वाट बंद केली. मग पाण्याला विटेतूनच निघावं लागलं. वरून ऑइल पेंट, म्हणून विटेच्या तोंडाशीही दार लावलेलं. क्षारांचे खडे तोंडाच्या आतल्या अंगाला जमत गेले, फुगले, आणि मे महिन्यात ४५-४६ अंशांवर भिंत तापली की एकेक तोंड पापडासारखं सुटून खाली. थंडीत बर्फ होणाऱ्या देशात हेच काम गोठलेलं पाणी करतं म्हणे. आपल्याकडे क्षार आणि ऊन पुरतात.

सिमेंट वाईट असं नाही. मी राहतो तो फ्लॅट सिमेंटचाच आहे आणि आजपर्यंत त्याने मला दगा दिलेला नाही. पण भारतात पोरबंदरला सिमेंटचं उत्पादन सुरू झालं १९१४ मध्ये, आणि आमच्या शाळेच्या कोनशिलेवरचं साल त्याच्या आधीचं आहे. ही भिंत ज्यांनी बांधली त्यांच्या हिशेबात तो पदार्थ नव्हताच.

सातवीत असताना मी मधल्या सुट्टीत करकटकाने एका विटेवर माझी आद्याक्षरं कोरली होती. तिसऱ्या खिडकीच्या डावीकडे, तेव्हाच्या माझ्या खांद्याच्या उंचीवर. ९८ साली रंगाखालीही ती बोटाला लागायची, मी मुद्दाम हात फिरवून पाहिलं होतं. परांची लागल्यावर पहिल्याच रविवारी शोधायला गेलो. वीट होती. तोंड नव्हतं. मिस्त्रीने विचारलं, "काय पाहून राह्यले भाऊ?" मी म्हटलं, काही नाही. सांगितलं असतं तर माझ्याच हिशेबाच्या वहीतली नोंद सांगावी लागली असती.

मिस्त्री भंडाऱ्याकडचा. त्याचे आजोबा चुन्याचं काम करत, वडिलांनी सोडलं, यानेही आधी सिमेंटमध्येच हात घातला आणि मग एका देवळाच्या दुरुस्तीवर पुन्हा चुना शिकला. तो आणि त्याची चार माणसं, दोन रेजा, म्हणजे बाया मजूर. सिमेंट काढायला त्यांनी ग्राइंडर हातात घेतला नाही. चाक एकदा घसरलं की विटेची कड जन्माची गेली, म्हणून बारीक छन्नी आणि हलकी हातोडी, दिवसभर टिकटिक. एका माणसाचं दिवसाचं काम पाहिलं तर जेमतेम दाराएवढी भिंत. वर्ग चालू असताना हा आवाज चालायचा. मुख्याध्यापिका म्हणाल्या, पहिले चार दिवस मुलं खिडकीकडे बघत होती, पाचव्या दिवसापासून आवाज थांबला की बघायची.

रंग काढण्यावरून एक मोठी सभा झाली. आमच्यातल्या एकाचा वाळूच्या फवाऱ्याचा आग्रह होता. त्याच्या कारखान्यात लोखंडावरचा गंज तसाच काढतात, दोन दिवसांत मोकळे. मॅडमनी मागच्या आवारात पडलेल्या एका फुटक्या विटेवर ते करून दाखवायला सांगितलं. झालं. रंग गेला, आणि त्याबरोबर विटेची भट्टीत भाजून झालेली घट्ट कातडीही गेली. खाली राहिलं ते नखाने खरवडता येईल इतकं मऊ. पोळीचा पापुद्रा काढून आतलं कच्चं पीठ उघडं करावं तसं. मग रंगावर लेप लावून तो भिजवायचा, फुगवायचा, आणि लाकडी पट्टीने आणि मऊ ब्रशने उतरवायचा, असं ठरलं. तारेचा ब्रश नाही. जिथे पांढरे क्षार फुटले होते तिथे आधी कोरड्या ब्रशने झाडून घ्यायचं, कारण पाणी मारलं की ते विरघळून परत आत जातात. जिथे फारच होते तिथे माती आणि कागदाच्या लगद्याचा लेप. तो वाळताना क्षार स्वतःत ओढून घेतो. माझ्या बायकोने हे ऐकलं आणि म्हणाली, म्हणजे मुलतानी मातीच की. बरोबर होतं तिचं.

भिंतीच्या माथ्यावरच्या कार्निसच्या फटीत एक पिंपळ होता. मनगटाएवढा जाड. एकही मजूर त्याला हात लावेना. मिस्त्रीने शेवटी एक नारळ आणायला लावला, उदबत्ती लावली, हात जोडून काहीतरी पुटपुटला, आणि मग करवत घेतली. ओढून काढायचा नाही, मुळांनी धरलेल्या विटा बरोबर येतात. वरचा भाग कापून, एकेक वीट मोकळी करत मूळ काढत नेलं. ते आत तीन हात गेलं होतं. कापलेल्या पिंपळाचं एक रोप मैदानाच्या कोपऱ्यात लावलं, ते जगलंही आहे. कावळ्यांची सोय पाहता पुढची शंभर वर्षं कार्निसवर लक्ष ठेवायला कोणीतरी लागणार.

दगडाचं काम विटेपेक्षा कमी होतं, पण मला त्यात जास्त रस वाटला. शाळेचं जोतं काळ्या पाषाणाचं, आणि खिडक्यांचे उंबरे, कमानींचे मधले दगड पिवळट तांबूस वालुकाश्माचे. हे दोन दगड एका भिंतीत येणं नागपुरात अगदी साहजिक आहे. सीताबर्डीची टेकडी लाव्हाची, दख्खनच्या काळ्या पाषाणाची. पश्चिमेला निघालात तर मुंबईपर्यंत मुख्यतः तोच. उत्तरेला कामठी-सिल्लेवाडा-सावनेरकडे मात्र वालुकाश्म, काळ्या पाषाणापेक्षा कितीतरी जुना, सुमारे पंचवीस कोटी वर्षांपूर्वीच्या नद्यांनी आणून टाकलेली वाळू. भूशास्त्रात त्या थरांना नावच 'कामठी' आहे. नागपूरचं रेल्वे स्टेशन, १९२५ चं, ते सावनेरच्या दगडाचं. हे सगळं ज्याने पहिल्यांदा नीट पाहिलं तो स्टीफन हिस्लॉप. १८४५ मध्ये नागपुरात आलेला स्कॉटिश पाद्री, शाळा चालवायचा आणि उरलेल्या वेळात दगड फोडायचा. १८६३ मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना नाल्याच्या पुरात वाहून गेला. त्याच्या नावाच्या कॉलेजात आमच्यातले निम्मे शिकले, आणि त्याला दगडांचं वेड होतं हे मला साठीच्या उंबरठ्यावर एका खिडकीच्या उंबऱ्यामुळे कळलं.

कारण उंबरे सोलून निघत होते. सगळे नाहीत, चारच. मिस्त्रीने बोट ठेवून दाखवलं. वालुकाश्म थरांचा असतो, वहीच्या पानांसारखा. खाणीत तो जसा आडवा झोपलेला असतो तसाच भिंतीत आडवा झोपवायचा. हे चार दगड कोणीतरी घाईत उभे लावले होते, थर बाहेरच्या बाजूला तोंड करून, आणि पाऊस एकेक पान उलटत होता. "तवाही मिस्त्री घाईतच राहत असन," तो म्हणाला. मला उगाच बरं वाटलं. शंभर वर्षांपूर्वीही कोणीतरी चुकलं होतं.

चार दगड नवे बसवले, झोपवून. बाकीच्यांना फक्त धुतलं.

विटांचा प्रश्न वेगळा. आता बाजारात वीट मिळते ती एकतर वेगळ्या मापाची किंवा कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांतल्या राखेची, करड्या रंगाची. नागपूरच्या महाल भागात एक वाडा पाडत होते, तिथून आम्ही जुन्या विटा विकत घेतल्या. हे करताना मन जरा खात होतं. एका म्हाताऱ्याच्या औषधासाठी दुसऱ्याच्या तेराव्यावरून सामान आणल्यासारखं. त्याही पुरल्या नाहीत. मग मिस्त्रीने युक्ती केली. ज्या विटांचं फक्त तोंड गेलं होतं त्या अलगद सोडवून, फिरवून, आतली बाजू बाहेर करून परत बसवल्या. आतली बाजू कोरी. तिने ऊन-पाऊस पाहिलेलाच नव्हता. तिसऱ्या खिडकीच्या डावीकडची वीटही अशीच फिरली. मी तिथे उभा होतो.

आणि चुना. तो कटनीहून आला, कळीचा, म्हणजे अजून पाणी न लागलेला, पोत्यांतून पांढरे दगड. एका लोखंडी टाकीत पाणी भरून त्यात तो सोडला आणि दोन-तीन मिनिटांत टाकी उकळायला लागली. विस्तव नाही, काही नाही, नुसतं पाणी रटरटतंय. सगळे डोळ्यांना चष्मे लावून लांब उभे. दहावीची मुलं आणली होती पाहायला. एकाने विचारलं, यात अंडं उकडेल का. सरांनी नाही म्हणायच्या आत मिस्त्री म्हणाला, "उकडन ना जी, पण खाऊ नको."

विझलेला चुना गाळून पाण्याखाली मुरत ठेवला. जितका मुरेल तितका चांगला. दोन महिन्यांनी झाकण उघडलं तेव्हा घट्ट दह्यासारखा झाला होता. त्यात कन्हान नदीची चाळलेली वाळू, आणि सुरखी. सुरखीला फार भाजलेली वीट चालत नाही, कमी भाजलेलीच लागते. ती चुन्याशी मिसळते आणि ओलीतही मसाला धरतो. बेलाचा गर, गूळ, हिरड्याचं पाणी हेही जुने लोक घालत. मॅडमनी थोडं गुळाचं पाणी वापरलं, बाकीचं टाळलं. पण बातमी फुटली की शाळेच्या भिंतीत गूळ घालतायत, आणि आठवडाभर मुलं भिंतीला जीभ लावून पाहत होती. आम्ही लावली असती.

हे काम दिवाळी ते होळी एवढंच करता येतं. उन्हाळ्यात चुना धरायच्या आधी सुकून त्याची पूड होते. पावसात धुऊन जातो. सांधा आधी खोल खरवडायचा, पाण्याने भिजवायचा, मग मसाला दाबून दाबून भरायचा, आणि ओलं तरट टांगून ठेवायचं. सिमेंट एका रात्रीत दगड होतो. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू परत चुनखडी होतो, त्याला महिने लागतात. प्रयोगशाळेत बुडबुडे होऊन जो वायू निघून गेला होता, तोच. दोन हिवाळे लागले. माझं रिटायरमेंट त्यातच झालं, आणि घरी बसून काय करणार म्हणून तरटांवर पाणी मारायची पाळी मी स्वतःकडे घेतली.

काम संपलं तेव्हा परांची उतरली आणि आमचे बरेच जण हिरमुसले. शाळा जुनी दिसत होती. विटा एका रंगाच्या नाहीत, कुठे गडद, कुठे पिवळट, फिरवलेल्या विटा जरा ताज्या. सांधे थोडे आत, फिकट गुलाबी. मस्कतवाल्याला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर तो म्हणाला, "छान. सुरू कधी करताय?" एकाने वरून चमकणारा पारदर्शक थर मारायची सूचना पुन्हा आणली. या वेळी ती हाणून पाडायला मॅडमची गरज लागली नाही. मीच उठलो आणि खिशातून सिमेंटचा तो तुकडा काढून टेबलावर ठेवला, लाल बाजू वर करून.

पहिल्या पावसात मी छत्री घेऊन गेलो. भिंत काळीभोर भिजली होती. मला धस्स झालं. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं तेव्हा पुन्हा गेलो. सांधे अजून ओले, गडद, आणि विटा त्यांच्याआधी सुकून लाल झालेल्या. सगळ्या भिंतीवर ओल्या रेघांची वही आखल्यासारखी. बारा वाजेपर्यंत त्याही पुसल्या.

उरलेला चुना एका निळ्या ड्रमात पाण्याखाली ठेवलाय, प्रयोगशाळेच्या मागे, सावलीत. झाकणावर कोणीतरी मुलाने खडूने लिहिलंय, 'दही नाही.' चुन्यावर नेहमी चार बोटं पाणी राहिलं पाहिजे, उघडा पडला की वरून धरायला लागतो. ते पाहायचं काम माझ्याकडे आहे. दर रविवारी सकाळी टेकडी गणपतीहून येताना मी शाळेत डोकावतो, झाकण उचलतो, बोट बुडवून पाहतो आणि लागलं तर बादलीभर पाणी घालतो. गेल्या नवतपात, मे अखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, आठवड्यातून दोनदा घालावं लागलं.